पलीकडच्या खोलीतलं मशीन

मिरचीचा हंगाम सुरू झाला की मला घरातून बाहेर काढत. प्रेमानेच, पण काढत. दसऱ्याच्या आगेमागे नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, मिरची पडते, बघता बघता जमीन दिसेनाशी होते, आणि जो लाल रंग बघायला लोक रस्त्यात गाड्या थांबवतात त्या रंगाने माझी छाती भरून यायची. आमची स्वतःची पथारी होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवसभर तिथे उभे असत. देठ खुडणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधून ओळीने बसत, मध्येच शिंकत, हसत, पुन्हा खुडायला लागत. मला मात्र घरात आतल्या खोलीत दार लावून बसलं तरी धाप लागायची. डॉक्टरांनी सांगून टाकलं, हिला या दिवसांत इथे ठेवूच नका. तेव्हापासून माझे हिवाळे धडगावला, मावशीकडे.

मावशी तिथे नर्स. तिच्या क्वार्टरच्या मागे लगेच डोंगर. शहाद्याहून शेअर जीपमध्ये बसायचं, मांडीवर कुणाचं तरी लेकरू, पायाशी कुणाची तरी कोंबडी, आणि घाट लागला की मला झोप यायची. कुठल्या वळणावर श्वास मोकळा होतो ते मला कधीच कळलं नाही. जाग यायची तेव्हा तो मोकळा झालेला असायचा, एवढंच. डोळे उघडल्यावर थोडा वेळ मी कुठली, कशाला आले, काही आठवत नसे. तो थोडा वेळ मला फार आवडायचा.

यात एकच अडचण होती. मी बी.ए. झाले होते, पुढे कॉम्प्युटरचा एक कोर्सही केला होता, आणि गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात काम करत होते. पण दर दिवाळीला काम सोडून जाणारी मुलगी कोण ठेवून घेणार? पहिल्या वर्षी त्यांनी समजून घेतलं, दुसऱ्या वर्षी माझ्या जागी दुसरी आली. मला असं काम हवं होतं, जे माझ्यासोबत घाट चढून येईल. तसं काही असतं का, हे मला माहीत नव्हतं.

मावशीच्या ओळखीने मला सर भेटले. सर तिथलेच, पावरा आदिवासी. बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करून, आई एकटी पडली म्हणून परत आलेले. बी-बियाणांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते क्लास घ्यायचे. तिथे मुलं टायपिंग शिकायला येत. सर्व्हर शिकायला कुणी आलं नव्हतं. मी तरी कुठे त्यासाठी गेले होते? मी विचारायला गेले होते, की घरबसल्या करता येईल असं काही शिकवता का. सरांनी मला बसवलं आणि समजावलं, की जगात असे कितीतरी कॉम्प्युटर आहेत ज्यांच्यासमोर कुणीच बसत नाही. त्यांना पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. ते कुठल्यातरी थंड खोलीत रात्रंदिवस चालू असतात, आणि कुणी काही मागितलं की देतात. त्यांना सांभाळणारी माणसं दुसऱ्याच गावात असली तरी चालतं.

मग त्यांनी माझ्यासमोर एक काळा पडदा उघडला. त्यावर एक पांढरी रेघ उघडझाप करत होती.

"ताई, या पडद्यामागचं मशीन पलीकडच्या खोलीत आहे," सर म्हणाले. "आजपासून ते तुमचं. त्याला बघायला जायचं नाही. इथूनच बोलायचं."

मी घाबरत पहिली आज्ञा टाईप केली, आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं. साधंच उत्तर होतं, मशीनचं नाव. पण आपण हाक मारावी आणि न दिसणाऱ्या कुणीतरी ओ द्यावी, तसं वाटलं. ते नाव बदलता येतं हे सरांनी शिकवलं, तेव्हा मी मशीनला माझ्या मनातलं एक नाव दिलं. ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या हिवाळ्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतात ते धुक्यातून झाडं दिसावीत तसे, एक इथे, एक तिथे. सकाळी धुकं खिडकीला टेकलेलं असायचं. मी अंगावर शाल घेऊन बाजाराच्या रस्त्याने चालत जायची, कुठेतरी शेकोटीचा धूर, कुठेतरी पावरी बोलीत बोलणाऱ्या बाया, त्यातलं मला काही समजायचं नाही आणि न समजणंही छान वाटायचं. वर जाऊन काळा पडदा उघडला की ती आणखी एक न समजणारी भाषा. दोन्ही भाषा हळूहळू कानात शिरत होत्या. एका फाईलवर कुणाला वाचायची मुभा, कुणाला लिहायची, कुणाला ती चालवायची, हे मशीन तीन वर्तुळांत ठरवतं: मालक, त्याचा गट, आणि बाकी सगळं जग. मला ते लगेच कळलं. आमच्या घरीही तसंच होतं. स्वयंपाकघरात कोण येणार, ओसरीपर्यंत कोण, आणि फाटकावरूनच कोण बोलून जाणार, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं.

वीज गेली की सर चहा मागवत आणि पुण्यातल्या सर्व्हरच्या खोलीबद्दल सांगत. तिथे एवढी थंडी असायची की उन्हाळ्यातही स्वेटर घालावा लागे, आणि शेकडो पंख्यांचा आवाज एकत्र होऊन पाण्यासारखा वाहायचा. त्या आवाजात त्यांना गावाकडची नदी ऐकू यायची, म्हणाले. मग वीज यायची, पलीकडच्या खोलीतला एकुलता एक पंखा घरघरू लागायचा, आणि आम्ही पुन्हा कामाला लागायचो. मला तोपर्यंत त्या घरघरीची एवढी सवय झाली होती, की मावशीकडे दुपारी डोळा लागला तरी ती ऐकू यायची. मावशी म्हणायची, झोपेत तुझी बोटं हलतात.

मशीन मी खूपदा बिघडवलं. एकदा तर असं काही करून बसले, की ते मलाच ओळखेना. दाराला आतून कडी घालून आपणच बाहेर उभं राहावं, तसं झालं. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की शेवटचं काय केलं होतं ते आठवा, आणि त्याच्या आधीचं, आणि त्याच्याही आधीचं. मी डोळे मिटून उलट्या पावलांनी मागे जायला शिकले. हेच या कामाचं मर्म आहे, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या हिवाळ्यात सर म्हणाले, आता प्रमाणपत्राची परीक्षा द्या. त्याशिवाय कुणी काम देणार नाही. परीक्षेची रीत मला आवडली. प्रश्नांना खुणा करायच्या नाहीत. एक खरंखुरं मशीन समोर देतात, कामं सांगतात, ती करून दाखवायची. शेवटी ते मशीन बंद करून पुन्हा चालू करतात. त्यानंतरही जे टिकलं, तेवढंच धरलं जातं.

केंद्र सुरतेला होतं. मी आदल्या दिवशी नंदुरबारला उतरले, आणि सकाळच्या गाडीने आप्पा माझ्यासोबत आले. हंगाम ऐन भरात असताना पथारी सोडून आले. त्यांनी पेटीतला नवा सदरा काढून घातला होता, जो मिरचीजवळ कधी गेलाच नव्हता.  खिडकीशी मला बसवलं आणि स्वतः दाराकडे बसून राहिले.

परीक्षेच्या खोलीत कामं जमत गेली. एकामागून एक. एक नवी डिस्क मशीनला जोडून द्यायची होती, अशी, की मशीन झोपून उठलं तरी त्याला ती सापडावी. त्यासाठी एक फाईल असते. मशीन जागं होताना ती वाचतं आणि आपलं काय काय कुठे आहे ते शोधतं. मी त्यात एक ओळ लिहिली. वेळ उरला होता, म्हणून मशीन पुन्हा चालू करून बघितलं. ते उठेना. पडद्यावर एक ओळ येऊन थांबली: अमुक डिस्क शोधतो आहे. ते शोधत राहिलं. माझं एक अक्षर चुकलं होतं, आणि ते मशीन जगात नसलेल्या डिस्कची वाट बघत होतं. अशा वेळी काय करायचं ते मला शिकवलेलं होतं. तरी काही सुचलं नाही. मी त्या ओळीकडे बघत बसले, आणि वेळ संपला.

  परतीच्या गाडीत उकाईचं स्टेशन मागे पडल्यावर मी सांगितलं, की सगळं केलं होतं, पण मशीन उठलंच नाही.

आप्पा बाहेर बघत होते. "आज उठनं नही," ते म्हणाले, "सकाय उठी."

आमच्या अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. त्यांनी शेंगदाण्याची पुडी माझ्याकडे सरकवली.

निकाल काय येणार हे ठाऊकच होतं. तो आला, आणि मी पुन्हा घाट चढून गेले. काही दिवस क्लासला गेलेच नाही. मावशीच्या अंगणात उन्हात बसून असायची. डोंगरावर ढगांच्या सावल्या सरकत, आणि मला वाटायचं, मीही अशीच कुठेतरी अडकून कशाचीतरी वाट बघते आहे, आणि कशाची ते मलाच माहीत नाही.

त्याच दिवसांत सर मावशीकडे आले. नर्मदेच्या काठावरच्या एका पाड्यातले गुरुजी त्यांच्याकडे मदत मागत होते. काठावरच्या मणिबेली गावासारखी तिकडची गावं बोटीनेच गाठायची. जुनी वस्ती धरणाच्या पाण्याखाली गेली, उरलेली घरं वर टेकडीवर चढली. तिथे फोनला नेटवर्क नाही. सरांनीच पूर्वी गुरुजींना सौर बॅटरीवर चालणारं एक छोटं मशीन बसवून दिलं होतं, मुठीत मावेल एवढं. त्यात मुलांचे धडे होते, गोष्टी होत्या, आणि शाळेच्या आवारात मुलं मोबाईलवर ते उघडायची, इंटरनेटशिवाय. ते मशीन बंद पडलं होतं. आईला बरं नव्हतं, म्हणून सरांना गाव सोडून जाता येत नव्हतं. मावशीची लसीकरणाची फेरी त्याच बाजूला होती.

मी म्हटलं, मी तर नापास झाले आहे.

"म्हणूनच तुम्ही जा," सर म्हणाले. 

एका गोणीत छोटा पडदा आणि कीबोर्ड घेऊन मी मावशीबरोबर निघाले. जीपने काठापर्यंत, पुढे बोट. पाणी एवढं स्थिर होतं की डोंगर उलटे होऊन खाली पसरले होते आणि आम्ही त्यांच्या शिखरांवरून जात होतो. मावशीने लसीचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. मध्येच बोटवाल्याने इंजिन मंद केलं आणि पाण्यात हात बुडवून सांगितलं, की इथे खाली त्यांचं शेत होतं. पलीकडे पाण्यातून एका झाडाचा वठलेला शेंडा वर आलेला दिसत होता. मी खाली वाकून बघितलं. हिरवट पाण्यात माझाच चेहरा होता, आणि त्याच्या खाली खोल कुठेतरी बांध, पायवाटा, चुली. इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा मी दचकले. मला वाटलं, मी झोपेतच होते.

गुरुजी तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी सगळं नीट सांगितलं. धड्यांपेक्षा त्यांना दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी बोलतं केलं होतं. जुनं गाव कसं होतं, कुणाचं घर कुठे, कुठल्या शेताला काय म्हणत, हे सगळं त्यांच्या बोलीत, त्यांच्या आवाजात साठवलं होतं. मुलं ते पुन्हा पुन्हा ऐकायची, कारण त्यांनी ते गाव पाहिलेलंच नव्हतं. जुनी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून गुरुजींनी शहादा गाठून नवी आणली, धडपड करून सगळं तिच्यात उतरवून घेतलं, जुनी काढली, नवी लावली. तेव्हापासून मशीन उठलं नव्हतं.

शाळेच्या पायरीवर एक म्हातारबाबा बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. त्यांचाच आवाज त्यात सगळ्यात जास्त होता, गुरुजी म्हणाले. मशीन बंद पडल्यापासून ते रोज येऊन तिथे बसतात.

मी पडदा जोडला, मशीन चालू केलं. अक्षरं भराभर वर सरकली आणि एका ओळीवर थांबली. अमुक डिस्क शोधतो आहे.

सुरतेतली तीच ओळ. या वेळी ती वाचल्यावर काहीतरी निवळल्यासारखं झालं. काहीही मोडलं नव्हतं. गुरुजींनी सगळं सामान नव्या घरात हलवलं होतं, फक्त मशीनला कुणी सांगितलं नव्हतं. ते बिचारं प्रत्येक वेळी उठून जुनीच डिस्क शोधत होतं. वाट बघून ते थकेपर्यंत मी शांत बसले. मग त्याने मला आत येऊ दिलं. ती फाईल उघडली, जुन्या डिस्कचा लांबलचक क्रमांक पुसला आणि नव्या डिस्कचा एकेक अक्षर बोलत लिहिला. गुरुजी शेजारी बसून ताडून बघत होते. मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं.

ओळी सरकल्या, सरकतच राहिल्या. मशीनवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

गुरुजींनी आपला मोबाईल जोडला, एक फाईल उघडली, आणि शाळेच्या ओसरीवर म्हातारबाबांचा आवाज उमटला. मुलं धावत आली. मला एक शब्द कळत नव्हता, पण मुलांच्या माना ज्या दिशेला वळत होत्या त्यावरून कळत होतं, आता नदीकडे, आता डोंगराकडे, आता पाण्याच्या मधोमध. मावशी लस टोचणं थांबवून ऐकत होती. म्हातारबाबा मान खाली घालून स्वतःलाच ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी काठी आपटली आणि काहीतरी ठामपणे म्हणाले. मुलं हसली.

मी गुरुजींकडे बघितलं.

"ते म्हणतात, हा चुकीचं सांगतोय," गुरुजी म्हणाले. "चिंच विहिरीच्या अलीकडे नव्हती. पलीकडे होती."

मग गुरुजींनी तिथेच मोबाईल त्यांच्या तोंडापुढे धरला, आणि म्हातारबाबांनी चिंच पुन्हा जागेवर लावली. ते बराच वेळ बोलत होते. मी पायरीवर बसून ऐकत राहिले. दुपार पाण्यावर पसरली होती. खाली कुठेतरी एक झाड विहिरीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळूच सरकलं, असं मला वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

दुसऱ्यांदा परीक्षेला मी एकटीच गेले. मशीन मी पुन्हा पुन्हा बंद करून चालू केलं. ते दर वेळी उठलं. पास झाल्याचा ईमेल आला तेव्हा मी धडगावच्या बाजारात भाजी घेत होते. नेटवर्क येत-जात होतं, अर्धाच ईमेल उघडला, पण तेवढा पुरे होता. मी सरांच्या क्लासचा जिना चढून गेले. सरांनी वाचलं, हात जोडले, आणि आईला सांगायला मला घरी घेऊन गेले. त्या माऊलीने मला जवळ बसवून माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. आमची भाषा एक नव्हती.

आता एका छोट्या कंपनीचे सर्व्हर मी सांभाळते. ते कुठल्या शहरात आहेत ते माहीत आहे, पण ती शहरं मी पाहिलेली नाहीत. उन्हाळा-पावसाळा नंदुरबारला असते, मिरची पडायला लागली की काम बॅगेत घालून वर येते.

यंदा आप्पा पहिल्यांदाच मावशीकडे राहायला आले. माझ्या भावावर पथारी सोपवून, बाजरीचं पीठ द्यायचं निमित्त काढून. मी अंगणात काम करत होते. ते खुर्ची ओढून शेजारी बसले, पडद्याकडे बघत राहिले, आणि मशीन कुठे आहे असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथे नाही, फार लांब आहे.

"आणि तू आठून बोलस त्यानासंगे?"

मी म्हटलं, हो, इथूनच.

"ते ऐकस का?"

मी एक आज्ञा टाईप करून दाखवली. उत्तर आलं. आप्पांना इंग्रजी येत नाही. त्यांनी ते उत्तर बोटाने एकदा शिवून बघितलं. मग पाय लांब केले, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि उन्हात त्यांना झोप लागली. डोंगरावरून वारा उतरत होता. मी आवाज होऊ नये म्हणून कीबोर्डवर हलकी बोटं टाकत काम करत राहिले, आणि आप्पा उठेपर्यंत मावशीनेही आतून भांड्यांचा आवाज येऊ दिला नाही.